बाबांचा सरळ्या

बाबा चहा बशीत घेत नसत. बशी उचलली की चहा कडेने सांडायचा, आई पदराने पुसायची आणि बाबा तेवढ्यापुरते दाराबाहेर बघत बसायचे. शेवटी आईनेच त्यांच्यासाठी एक उंच स्टीलचा पेला वेगळा काढला. त्यात ती अर्धाच चहा ओतायची आणि बाबा पेला वर न उचलता स्वतःच खाली वाकून पहिला घोट घ्यायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असाच चहा पितात. मैत्रिणीच्या घरी तिच्या वडिलांना काठोकाठ भरलेली बशी एका हातावर तोलून फुर्र करताना पाहिलं, तेव्हा मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले होते, आणि त्यांनी हसून विचारलं होतं, "काय पाहून राहिली वो बाई?"

बाबांचा हात मांडीवर पडलेला असला की अगदी गप्प असायचा. काहीतरी करायला निघाला की त्याच्यात वारं शिरायचं. घास तोंडाकडे नेताना, खिळा धरताना, बैलाच्या पाठीवरची माशी हाकलतानासुद्धा. आणि कुणी बघतंय असं कळलं की दुप्पट. हे त्यांना तरुणपणीच सुरू झालं आणि वर्षागणिक वाढत गेलं. माणूस शेतकरी असता तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण बाबांचं पोट हातावर होतं, तेही नेमक्या कामाच्या हातावर. तिरोड्याच्या रस्त्याला लागून आमचं घर, आणि घराची समोरची खोली म्हणजे बाबांचं वर्कशॉप. धान कांडायचे हलर, पाण्याचे पंप, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे कडीकोयंडे, सगळं तिथे यायचं. आतल्या खोलीत आई सुपात तेंदूपत्ता घेऊन बिड्या वळत बसायची. समोरून जळक्या तेलाचा वास आणि आतून तंबाखूचा. मधल्या दारात लाखोरीच्या डाळीला फोडणी पडली की तिन्ही वास एकमेकांत मिसळायचे. कुणाला तो वास आवडणार नाही, पण मला आजही कुठे आला तर पाय थांबतात.

हात हलतो म्हणजे माणूस पितो, हे आमच्याकडचं साधं गणित होतं. दुसरं कारण कुणाला सुचायचंच नाही. मोहाच्या दारूचा मुलूख आमचा, पिऊन हात हलणारे गावोगाव बघितलेले. "ताराचंद पहाटीच लावते वाटते," असं बाया नळावर बोलायच्या, आणि मी घागर घेऊन आले की विषय बदलायच्या. खरं म्हणजे बाबांनी आयुष्यात थेंब चाखला नव्हता. ते लहान असताना आजोबा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परत आले आणि घरात शिरण्याआधी त्यांनी मोहाची हांडी अंगणात आपटून फोडली. बाबांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. अंगणात तो वास कितीतरी दिवस राहिला, असं ते सांगायचे. इतर चार शीलांबद्दल बाबा कधी फार बोलले नाहीत, पण पाचवं, नशा न करण्याचं, त्यांना आपल्या बापाने हातात दिल्यासारखं वाटायचं. ते जपायचं म्हणजे जपायचं.

एका वर्षी त्यांना फार अशक्तपणा आला. तिरोड्याच्या वैद्यांनी एक काळसर गोड औषध दिलं, द्राक्षासव. जेवणानंतर घ्यायचं. एका दुपारी बाबांनी ते घेतलं आणि थोड्या वेळाने आईच्या हातातली सुई काढून घेऊन तिच्यात दोरा ओवून दिला. पहिल्याच खेपेला. आई आधी सुईकडे बघत राहिली, मग मला हाक मारून म्हणाली, "पाय वो, तुया बापाचा हात पाय!" बाबांनी बशी मागितली. काठोकाठ चहा ओतला, बशी उचलली, आणि फुर्र केलं. आम्ही तिघेही वेड्यासारखे हसत होतो. आई तर रडतही होती. मी मनात म्हटलं, झालं, आता संपलं हे.

ते संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी हिरालालजी पाटील पंप घेऊन आले. ते पवार समाजाचे, मोठे शेतकरी, बोलायला तोंडफाटके पण मनाने चांगले. त्यांनी फळीवरची बाटली उघडून वास घेतला आणि म्हणाले, "हे त आसव हाये, ताराचंदजी. मुरवलेलं राहते. यात दारूच राहते थोडी. तवाच त हात थांबला तुमचा! माया काकाचाबी हात असाच हाले. दोन घोट मोहाची घेतली का तासभर दगडासारखा. घेऊन पाहा ना कधी." बाबांनी पंप खोलून दिला, हिरालालजी गेले, आणि मग त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावून ती आईपुढे ठेवली.

"आता हे नको."

"काऊन नको? औषध हाये ते," आई म्हणाली. "वैद्यानं देल्लं हाये. दुकानातून नाही आणलं."

"हात कायनं थांबला ते मले समजलं. समजल्यावर औषध म्हणून कसं पिऊ?"

आईने वाद घातला नाही, पण बाटली फेकलीही नाही. वरच्या फळीवर डब्यांच्या मागे ठेवून दिली. माझी आई शहाणी बाई होती, कुठलीच वस्तू एकदम फेकायची नाही.

परवा तिरोड्यातल्या एका तरुण डॉक्टरने माझा हात नुसता समोर धरायला लावला आणि म्हणाला, "आजी, घरात कुणाला होतं का असं?" कारण साठीनंतर माझाही उजवा हात बोलायला लागला आहे, हे लिहितानाही ओळ वरखाली होते आहे. त्याने सांगितलं, हा एक आजार आहे, वंशात चालतो, जिवाला धोका नाही, सकाळ-संध्याकाळ एक गोळी घ्या. मी विचारलं, ही गोळी नवीन निघाली का? तो म्हणाला, छे, फार जुनी आहे. आमच्या घरावरून तेव्हाही तिरोड्याच्या दवाखान्यापर्यंत बस जात होती. पण नुसता हात हलतो म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. राग कुणावर काढायचा तेही कळत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

तर बाटली वर गेली आणि बाबांनी सरळ्या करायला घेतला. हे नाव माझं. बाबा त्याला नुसतं गाईड म्हणायचे. भात गिरणीतल्या एका मोडक्या शाफ्टचा तुकडा त्यांनी गोंदियाला नेऊन ओळखीच्या लेथवर घासून आणला. तळहातात मावेल असा ठोकळा, बाजूला धरायला मूठ, खालून अगदी सपाट, आणि मधोमध आरपार एक मोठं भोक. त्या भोकात पोलादाची छोटी नळी बसायची, तिला बुश म्हणतात. बारीक भोक पाडायचं तर बारीक बुश, जाड पाडायचं तर जाड. ठोकळा तोच, बुश तेवढा बदलायचा. ड्रिलचं पातं त्या बुशमध्ये घातलं की ते इकडेतिकडे जाऊच शकत नाही. वर हात कितीही नाचो, खाली टोक सरळच उतरतं. बुश त्यांनी घरीच लाल करून जवसाच्या तेलात बुडवले होते, म्हणजे ते झिजू नयेत. त्या दिवशी घरभर एवढा धूर झाला की आईने बिड्यांचं सूप उचलून अंगणात नेलं आणि तिथूनच बाबांचा उद्धार केला.

बुश बदलायचं काम माझ्याकडे आलं, कारण एवढीशी नळी एवढ्याशा भोकात बसवणं बाबांच्या बोटांना जमत नसे. मी दहावी होऊन घरीच होते. कामाला बसलं की आधी एक आवाज यायचा. पात्याचं टोक बुशच्या तोंडाशी पोचायचं आणि आत शिरण्याआधी कडेवर थरथरायचं, टिकटिकटिक, कोंबडी पत्र्यावर दाणे टिपते तसं. मग टोक आत गेलं की एकदम शांत. त्या शांततेत बाबा माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. त्या हंगामात ते काम करताना शीळ घालायला लागले होते. हलरच्या जाळ्यांची, पंपाला पाइप जोडायच्या फ्लँजची कामं लांबून यायला लागली. ताराचंदचं भोक म्हणजे सरळ, असं लोक म्हणू लागले. हात हलतो हे बोलणं मात्र थांबलं नाही. "पिऊनबी बरं काम करते," एवढाच त्यात बदल झाला.

माझ्या नातवाने मागच्या महिन्यात मोबाईलवरून एक वस्तू मागवली. भिंतीला फळ्या ठोकायचं वेड त्याला. डबा उघडला तर आत चकचकीत ठोकळा आणि ओळीने लावलेले छोटे छोटे बुश. "आजी, याने भोक वाकडं जातच नाही," तो मला समजावत होता. मी हो हो म्हटलं. त्याच्या पणजोबाने हे केलं होतं हे सांगावं असं मनात आलं, पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि त्याला फळी ठोकायची घाई होती.

पुढचं ते असं. गावच्या विहारात नवी बुद्धमूर्ती यायची होती. पांढऱ्या दगडाची, पुरुषभर उंचीची, गावाने हळूहळू पैसा जमवून बाहेरून घडवून घेतलेली. ओट्यावर काळा ग्रॅनाइट बसवून झाला होता. मूर्तीच्या तळाला स्टीलच्या खुंट्या होत्या; त्या ग्रॅनाइटमधल्या भोकांत बरोबर उतरल्या तर मूर्ती कायमची घट्ट. भोक जरा तिरकं गेलं तर खुंटी अडणार, आणि जोर लावला तर दगड तडकणार. विहार कमिटीचे अध्यक्ष यादोरावजी स्वतः आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "ताराचंद, हे काम तूच करजो." त्यांच्यामागून बाबा रस्त्यापर्यंत गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा होता. आई म्हणाली, "चारचौघात हे काम झालं ना, का सगळ्यांचे तोंडं बंद होतीन." बाबा एवढंच म्हणाले, "हो." पण मला दिसत होतं, त्यांना भोकांची काळजी नव्हती, तोंडांचीच होती. नुसती मजुरी असती तर गोष्ट वेगळी होती. इथे पणाला लागलं होतं बाबांचं नाव.

काम आदल्या दिवशी एकट्याने करता आलं असतं तर ही गोष्ट लिहावीच लागली नसती. पण मूर्ती आली ती ऐन पौर्णिमेच्या सकाळी, बसवायच्याच दिवशी, आणि खुंट्या नेमक्या कुठे आहेत ते मूर्ती आल्याशिवाय कळणार नव्हतं. निघताना आईने वरच्या फळीवरून ती बाटली काढली. वाटीत थोडं ओतून बाबांपुढे धरलं. "आजच्या दिवस," ती म्हणाली. "मी सांगून राहिली ना. पाप लागलं त मले लागू द्या."

बाबांनी वाटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, हे मला लपवायचं नाही. मग म्हणाले, "बुद्धाच्या ओट्याले भोक पाडाचं, अन् पिऊन पाडाचं? मंग ते सरळ गेलं काय अन् वाकडं गेलं काय." त्यांनी सरळ्या फडक्यात गुंडाळला, मी बुशची डबी घेतली, आणि आम्ही निघालो. वाटी आईच्या हातातच राहिली.

विहारात सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत जमलं होतं. ट्रॉलीतून उतरवलेल्या मूर्तीच्या तळाला कागद दाबून खुंट्यांच्या खुणा घेतल्या आणि तो कागद ओट्यावर अंथरला. बाबांनी खडूने फुल्या केल्या. फुल्या करतानाच हात जास्त हलत होता. मी सरळ्यात बारीक बुश बसवून दिला. बाबा गुडघ्यावर बसले, सरळ्या खुणेवर दाबला, ड्रिलची मशीन उचलली. टिकटिकटिक. टोक बुशच्या कडेवर नाचायला लागलं. एरवी ते क्षणात आत जायचं. आज जाईना. बाबांनी मशीन खाली ठेवली, तळहात धोतराला पुसला, पुन्हा उचलली. टिकटिकटिक. लोक आधी बोलत होते, ते गप्प झाले, आणि मग त्या आवाजाशिवाय विहारात काहीच ऐकू येईना. मी माझा हात बाबांच्या मनगटाखाली लावून बघितला. माझाही हात त्यांच्याबरोबर हलायला लागला.

मागून एक बाई म्हणाली, "आजबी घेऊन आला वो!" कुणीतरी हसलं. यादोरावजी पुढे आले आणि काम बघायचं निमित्त करून बाबांच्या तोंडाजवळ वाकले. ते वास घेत होते. माझ्या बापाच्या तोंडाचा वास, गावासमोर, मूर्तीसमोर. वास आला नाही, म्हणून ते क्षणभर गोंधळले. मग हळूच म्हणाले, "राहू दे बाबू आज. भंतेजी यायची वेळ झाली. दुसरा कोणी करल."

मी ओरडले. "माझे बाबा पीत नाहीत! कधीच प्याले नाहीत! हात त्यांचा तसाच हाये!" एवढ्या मोठ्याने मी त्याआधी कधी बोलले नव्हते. त्याचा उपयोग एवढाच झाला की माझ्याकडे सगळ्यांनी दयेने बघितलं. "झाकून राहिली बिचारी बापाचं," एक म्हातारा म्हणाला. "झाकंलच ना, लेक हाये." आमच्यामागून आलेली आई बायांच्या रांगेत उभी राहिली होती. तिला काही बोलायचं होतं, पण बोलणार काय? पीत नाहीत म्हणूनच हात हलतो, हे कुणाला पटलं असतं? ती उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.

भाऊलाल वेल्डरला पुढे बोलावलं. भाऊलाल रोज पितो हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. त्याच्या तोंडाला त्या सकाळीही वास होता. मी शेजारीच बसले होते, मला आला. यादोरावजींना त्याचा वास घ्यायची गरज वाटली नाही, कारण त्याचे हात दगडासारखे होते. बाबांनी सरळ्या आपणहून त्याच्यापुढे केला. "पहिले बारीक बुश," ते म्हणाले, "मंग जाड टाकजो. अन् पाणी सोडत राहजो." भाऊलालने पातं बुशमध्ये घातलं. आवाज झालाच नाही. मशीन घुमली, काळ्या दगडातून राखाडी चिखल वर यायला लागला, मी पाणी सोडत राहिले, बुश बदलून देत राहिले. दुसरं काय करणार होते? सरळ्या बाबांच्या हातासाठी केला होता. त्याला काय ठाऊक, तो कुणाच्या हातात आहे. भोकं एकेक करून सरळ उतरत गेली.

बाबा बाजूला भिंतीला टेकून उभे होते आणि प्रत्येक भोकाकडे मान वाकडी करून बघत होते. मूर्ती उचलली, हळूहळू खाली सोडली, आणि खुंट्या एका दमात आत गेल्या. लोकांनी साधु, साधु, साधु म्हटलं. भाऊलालला कुणीतरी फुलं दिली. तो मनाने वाईट माणूस नव्हता. सरळ्या परत करताना बाबांना म्हणाला, "अवजार मस्त बनवलं जी, भाऊ. आंधळाबी सरळ पाडल यानं." त्याने कौतुकानेच म्हटलं होतं. बाबांनी मान हलवली आणि सरळ्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला.

"चला घरी," मी म्हटलं. "चला ना बाबा."

"वंदना होऊ दे," बाबा म्हणाले. त्यांनी नळावर जाऊन हातावरची दगडाची भुकटी धुतली आणि येऊन पुरुषांच्या मागच्या रांगेत बसले. भाऊलाल पुढे, यादोरावजींच्या शेजारी होता. भंतेजी आले, आसनावर बसले, आणि पंचशील द्यायला सुरुवात केली. ते एक शील म्हणायचे, मागून सगळं गाव म्हणायचं. मी बायांच्या रांगेच्या टोकाला, बाबांच्या अगदी जवळ होते, त्यामुळे त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. पाचवं आलं तेव्हा बाबांच्या शेजारच्या दोघांनी एकमेकांना कोपर मारलं आणि एकजण नाकातून हसला. बाबांनी ते ऐकलं. ऐकल्याचं मला त्यांच्या मानेवरून कळलं. त्यांनी आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. पाचवं शील त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं, आणि पुढचं सगळं संपेपर्यंत हात छातीशी गच्च जोडून धरले, कारण जोडलेले हात कमी हलतात.